हातभर अंतरावरून

आमच्याकडे नाक आणि तेल दोन्ही वडिलांकडून आलंय. बाबांच्या उशीच्या अभ्र्यावर कायम एक पिवळट गोल असायचा, आई तो अभ्रा बाकीच्या कपड्यांत न घालता वेगळा सोड्यात भिजवायची, आणि उन्हाळ्यात पेपर वाचताना चष्मा सारखा घसरायचा तो बोटाने वर ढकलायची बाबांची जी लकब होती ती आता माझी झालीय. नाक चांगलं भरदार, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या आतल्या भागात, बारीक बारीक भोकं. आत्या दिवाळीला आली की हनुवटी धरून माझा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, वा, अनारशाला काय सुरेख जाळी पडलीय! सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण आमच्या घरात अनारशाला जाळी पडणं ही कौतुकाचीच गोष्ट होती.

आता त्या भोकांना सगळे पोर्स म्हणतात आणि कौतुक कोणी करत नाही. ऑफिसात जेवणाचे डबे धुवून झाले की वॉशरूमच्या आरशासमोर दोघी-तिघी उभ्या असतात, नाक आरशाला टेकेल इतक्या जवळ, आणि हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय. "शी, माझे पोर्स बघ ना किती ओपन झालेत." "कुठे? मला नाही दिसत." "अगं जवळ ये ना, अशी इथून बघ." मग ती दुसरी बिचारी जवळ जाते, वीतभर अंतरावर, मान वाकडी करून बघते, आणि म्हणते हं, आहेत थोडे. या संवादात सगळा घोळ आहे असं माझं मत आहे, पण त्यावर नंतर येते, आधी पार्लर.

पुण्यातली पार्लरं बहुतेक जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असतात, खाली झेरॉक्सचं दुकान, वर जाणारा अंधारा जिना, दारात चपला. माझं नेहमीचं पार्लर डेक्कनच्या बाजूला होतं. ताई बोलायला फार गोड, हात हलका, क्लीनअपला गेलं की केसांना बँड लावून खुर्ची मागे करायच्या, वाफेचं मशीन तोंडासमोर आणायच्या आणि मग कॉमेंट्री सुरू. "आता स्टीमने पोर्स उघडते हं. मग ब्लॅकहेड्स काढते. मग बर्फाने बंद करून टाकते." ऐकायला किती बरं वाटतं बघा, उघडलं, साफ केलं, बंद केलं, पैसे द्या. मग ती स्टीलची सळई, टोकाला बारीक गोल कडी असलेली, नाकपुडीच्या कडेला दाबत दाबत फिरवायची, डोळ्यातून पाणी, आणि मधेच टिश्यूवर काढून दाखवायच्या, पांढरट पिवळट बारीक धागे, शेवयांचे तुकडे असावेत तसले. "हे बघा ताई किती घाण साठली होती."

तर पहिली गोष्ट, ती घाण नसते. तेल, मेलेल्या पेशी आणि थोडे जंतू मिळून तो धागा बनतो आणि तो जगातल्या प्रत्येकाच्या नाकात असतो, ज्याचं तेल जास्त त्याचा जरा जाड, म्हणून दिसतो. सळईने काढला की साधारण महिन्याभरात परत भरतो, कारण तेल वर यायची ती वाटच आहे. नाकावर जे करडे ठिपके दिसतात ते बहुतेकदा हेच असतं, ब्लॅकहेड नव्हे. आणि खरा ब्लॅकहेड जो असतो, तट्ट बसलेला एखादाच, तोही मळाने काळा होत नाही, हवेशी संबंध येऊन त्यातलं तेल आणि मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, काळं पडतं. म्हणून साबणाने घासून तो जात नाही, कितीही घासा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पोर्स उघडत नाहीत आणि बंदही होत नाहीत. त्यांच्या तोंडाला आवळणारा स्नायूच नाही. केसाच्या मुळाशी एक बारका स्नायू असतो खरा, थंडीत अंगावर काटा येतो तो त्याच्यामुळे, पण तो केस उभा करतो, भोकाचं तोंड मिटवत नाही. वाफेने आतलं तेल मऊ होतं आणि काढायला सोपं जातं, बर्फाने आसपासची सूज आणि लाली जरा वेळ कमी होते, इतकंच. दाबादाबीची जी थोडी सूज तरीही उरते, तिच्यामुळेच खरं तर क्लीनअपनंतर तासभर चेहरा घट्ट आणि गुळगुळीत वाटतो, आजूबाजूची कातडी किंचित फुगलेली असते ना, त्यात भोक लपतं. संध्याकाळी घरी आरशात बघावं तर जैसे थे. मी हे ताईंना एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, असेल हो, पण गिऱ्हाइकाला बर्फ लावला नाही तर ती म्हणते पोर्स बंद न करताच पाठवलं.

भोक म्हणजे काय तर एका छोट्या खड्ड्याचं तोंड. त्या खड्ड्यात केसाचं मूळ असतं आणि त्याला चिकटून तेलाची ग्रंथी. चेहऱ्यावरचा केस इतका बारीक असतो की दिसत नाही, आणि ग्रंथी मात्र मोठी, म्हणजे जागा मुळात केसाची पण ताबा तेलाचा. आणि हे तेल तयार व्हायची पद्धत मला फार विलक्षण वाटते, ग्रंथीतल्या पेशी तेलाने भरत भरत जातात आणि शेवटी फुटतात, पेशी स्वतःच तेल होऊन बाहेर येते. तळहात आणि तळपाय सोडले तर अंगभर या ग्रंथी आहेत, कपाळ-नाक-हनुवटीवर सगळ्यात दाट. बाळ जन्मतं तेव्हा अंगावर जो पांढरा चिकट थर असतो त्यातही यांचंच तेल असतं. मग लहानपणभर त्या गप्प बसतात आणि वयात येताना जाग्या होतात, अँड्रोजन नावाच्या हार्मोनच्या सांगण्यावरून, जे मुलींमध्येही असतं, फक्त कमी. म्हणून आठवीतल्या पोराचं नाक अचानक चमकायला लागतं आणि घरचे म्हणतात तळलेलं खाणं बंद कर. वडापाव थेट नाकातून बाहेर येत नाही हो. खाण्याचा मुरुमांशी काही संबंध आहे, विशेषतः साखर-मैद्याचा, पण तळणीतलं तेल आणि नाकावरचं तेल यांची ओळखदेख नाही.

तर भोक मोठं का दिसतं? तेल जास्त असेल तर वाट रुंद होते, हे एक. घराण्याचा वाटा मोठा, हे मी नाकासकट सांगितलंच. आणि तिसरं कारण जे तिशीनंतर कळतं, भोकाच्या भोवती कोलॅजेनचा, म्हणजे कातडी ताठ ठेवणाऱ्या प्रथिनाचा, जो आधार असतो तो वयाने आणि उन्हाने ढिला होतो, मग गालावरची गोल भोकं खालच्या बाजूला ओघळून लांबट दिसायला लागतात. कॉलेजात माझ्या नाकावर प्रॉब्लेम होता, आता गालावर आहे, त्याचं कारण हे. पुरुषांमध्ये भोकं साधारणपणे जास्त मोठी असतात, पण आमच्या ऑफिसातला एकही पुरुष आरशाला नाक लावून उभा असलेला मी बघितला नाही, असो. आणि तेलाबरोबर पाळी पुढेमागे होणं, हनुवटीवर जाड केस येणं हे असेल तर क्रीम नंतर, आधी डॉक्टरकडे जाऊन पीसीओडीची तपासणी करून घ्यावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरगुती उपायांबद्दल आमच्याकडे दोन पक्ष आहेत. आई आणि मावशी उटण्याच्या, मी आणि माझी बहीण संशयाच्या. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून मावशी वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल असं सगळं आणून घरी दळून घेते आणि त्याचा वास खरंच इतका सुंदर असतो की दिवाळीची पहाट त्याच्याशिवाय सुरूच होत नाही. पण ते रोज नाकावर खसाखसा चोळायची गोष्ट नाही. तेलकट कातडी म्हणजे जाड कातडी, तिला काही होत नाही, असा एक समज आहे आणि त्यापायी लोक काय काय घासतात, साखर, अक्रोडाची पूड, कॉफी. घासून भोकाच्या आतलं काही निघत नाही, वरची कातडी सोलवटते, लाल होते आणि लाल कडेच्या आत भोक उलट जास्त उठून दिसतं. लिंबू तर नकोच. लिंबाचा रस चोळून दुपारी गच्चीवर पापड वाळत घालायला गेलेली आमच्या शेजारची एक मुलगी पुढे कितीतरी महिने गालावर तपकिरी ओघळ घेऊन फिरत होती, रस आणि ऊन एकत्र आले की असे डाग पडतात.

मुलतानी मातीबद्दल मात्र माझं मत चांगलं आहे. ती तेल खरंच शोषते. गुलाबपाण्यात कालवायची, नाक-कपाळापुरती लावायची आणि पूर्ण वाळून भेगा पडायच्या आत, दहाएक मिनिटांत धुवायची. चार-पाच तास चेहरा मॅट राहतो, आठवड्यातून एकदा बास. ग्रंथीला तिचा काही फरक पडत नाही, ती आपलं काम चालू ठेवते, पण लग्नाला जायच्या आधी चार तास मिळाले तर काय वाईट आहे?

आता स्कार्फ. पुण्यात राहून चेहऱ्याबद्दल लिहायचं आणि स्कार्फबद्दल नाही लिहायचं असं होऊच शकत नाही. दुचाकीवरची पुण्याची मुलगी स्कार्फ कसा बांधते हे बाहेरच्या माणसाने बघत राहावं, डोक्यावरून घेऊन, हनुवटीखालून फिरवून, नाकावरून ताणून मागे गाठ, वर गॉगल, हातात कोपरापर्यंतचे मोजे, आणि आता त्यावर हेल्मेट. सिग्नलला शेजारी सख्खी बहीण उभी असली तरी गाडीच्या नंबरवरून ओळखायची. ऊन आणि धूळ दोन्ही अडतं, त्यामुळे मी स्कार्फच्या बाजूने आहे, पण तो धुता कधी? सोमवारी बांधलेला स्कार्फ डिकीत कोंबायचा, मंगळवारी तोच, शुक्रवारपर्यंत त्यात पाच दिवसांचा घाम, तेल, सनस्क्रीन आणि सिंहगड रोडवरची धूळ, आणि तो नाकावर आवळून तासभर ट्रॅफिकमध्ये. घासणं आणि दमट कोंडमारा या दोन्हींनी पुटकुळ्या येतात हे डॉक्टरही सांगतात. तीनशे रुपयांचा फेसवॉश बदलण्याआधी तीन सुती स्कार्फ घ्या, तुळशीबागेत ढिगाने मिळतात, आणि रुमालासारखे रोज धुवायला टाका. मला जेवढा फरक याने पडला तेवढा टोनरच्या कुठल्या बाटलीने पडला नाही.

आणि स्कार्फ बांधला म्हणून सनस्क्रीन सुटत नाही. पातळ कापडातून ऊन येतं, शिवाय चहाला टपरीवर उतरलं की स्कार्फ गळ्यात. तेलकट चेहऱ्याचे लोक सनस्क्रीनला घाबरतात कारण पूर्वीची ती जाड पांढरी क्रीमं लावली की अर्ध्या तासात चेहऱ्यावर पिठलं. आता जेलमध्ये मिळतात, मॅट मिळतात, एसपीएफ ३० च्या पुढचं कुठलंही चालेल, दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यायचं. उन्हाने कोलॅजेन ढिलं होतं आणि ते ढिलं झालं की भोक लांबतं, त्यामुळे गालावरच्या पोर्ससाठी माझ्या मते हीच सगळ्यात खरी क्रीम, फक्त तिच्यावर तसं लिहिलेलं नसतं.

मग काम करणारं काय, तर यादी फार छोटी आणि फार कंटाळवाणी आहे. सॅलिसिलिक ॲसिड, ॲस्पिरिनच्या नात्यातलं, तेलात विरघळतं म्हणून भोकाच्या आत शिरू शकतं, एक किंवा दोन टक्के, आठवड्यातून दोन-तीन रात्री. फेसवॉशमधलं तर मिनिटभरात बेसिनमध्ये जातं, लावून ठेवायचं असेल ते जास्त उपयोगी. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर नको. नायासिनमाइडने, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराने, तेल थोडं कमी होतं, दोन टक्क्यांवरही फरक दिसलेला आहे, त्यामुळे दहा टक्क्यांच्या बाटलीवर उड्या मारून जळजळ करून घेण्यात अर्थ नाही. चेहरा दिवसातून दोनदा धुवायचा, पाच वेळा नाही, आणि तेलकट असला तरी हलकं मॉइश्चरायझर लावायचं कारण कोरडी पडलेली वरची कातडी आणि खालून येणारं तेल दोन्ही एकत्र नांदू शकतात, मे महिन्यातल्या कोरड्या हवेत माझ्या नाकावर सालं निघतात आणि दुपारी तेच नाक चमकतं.

आणि मग रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइन, मेडिकलमध्ये मिळणारी पत्र्याची साधी ट्यूब, खोक्यावर ना फूल ना पान. माझ्या डॉक्टरबाईंनी ती लिहून दिली तेव्हा पहिलं वाक्य हेच बोलल्या की भोक जाणार नाही, थोडं कमी दिसेल, आणि त्यालाही तीन-चार महिने लागतील, चालेल? त्या बाईंवर माझा तिथेच विश्वास बसला. रात्री चेहरा धुवून पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, ओल्या कातडीवर जास्त झोंबतं, मग एका वाटाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्याला मिळून, प्रत्येक गालाला एक वाटाणा नव्हे. कपाळ, दोन गाल, हनुवटी, असे ठिपके द्यायचे आणि पसरवायचं, डोळ्यांच्या कडा आणि नाकपुड्यांची घडी सोडून. सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे सालपटं, लाली, दोन-चार पुटकुळ्या जास्तच, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच सोडून देतात. गरोदर असाल किंवा व्हायचं ठरवत असाल तर अजिबात नाही. अमेरिकेत ०.१ टक्के ॲडापलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, पण आपल्याकडे डॉक्टरला दाखवूनच घ्यावं, आणि गंमत म्हणजे तो सगळा खर्च धरूनही सीरमच्या त्या काचेच्या ड्रॉपरवाल्या बाटल्यांच्या रांगेपेक्षा स्वस्त पडतं.

या ट्यूबचा इतिहास वाचला तेव्हा मात्र ती हातात घेताना बोटं थबकली. ट्रेटिनॉइन मुरुमांवर चालतं हे प्रस्थापित करणाऱ्यांतला मुख्य माणूस म्हणजे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन. १९५० च्या दशकापासून १९७४ पर्यंत त्याने होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले, त्यातले बरेच काळे, थोड्या डॉलरसाठी तयार झालेले, आणि आपल्या पाठीवर काय लावलं जातंय हे त्यांना धड सांगितलेलंही नसायचं. औषधं, सौंदर्यप्रसाधनं, विषारी रसायनं, सगळं. तो जिथे शिकवायचा त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०२१ मध्ये आणि शहराने २०२२ मध्ये माफी मागितली, तोवर त्यातले कित्येक जण गेलेले होते. इतक्या जवळून बघितलं त्याने कातडीकडे की तिच्या आतला माणूस नजरेतून सुटला. मी ती ट्यूब वापरते, अजूनही, पण हे माहीत असायला हवं असं मला वाटतं.

एक धोक्याची गोष्ट. मेडिकलमध्ये जाऊन "चेहऱ्यासाठी काहीतरी चांगलं द्या" म्हटलं की कधीकधी काउंटरवरचा माणूस गोरं करणारी एक ट्यूब पुढे करतो. आमच्या नात्यातल्या एकीला अशीच मिळाली. आठवड्यात चेहरा उजळ, गुळगुळीत, पोर्स गायब, सगळ्या बायकांनी नाव लिहून घेतलं. त्यात स्टेरॉइड असतं. काही महिन्यांनी कातडी पातळ, लाल रेघा, मुरूम, बारीक लव, आणि सोडायला जावं तर आग आग, म्हणून परत लावा. त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध बरीच वर्षं ओरड केल्यावर २०१८ मध्ये सरकारने ही स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरी ट्यूबवर मोमेटासोन किंवा 'सोन'ने संपणारं दुसरं काही दिसलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका. लेझर आणि सुयांचे उपचारही असतात, थोडा फायदा होतो, पण आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर नंतर काळे डाग राहायची शक्यता जास्त, म्हणून ते मॉलमधल्या ऑफरला भुलून करायचं काम नाही.

आता तो अंतराचा घोळ.

माझ्या आजीच्या पिढीत चेहऱ्यावर देवीचे वण असलेली माणसं गल्लोगल्ली होती. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ चा, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. आजी एखाद्या बाईचं वर्णन करताना म्हणायची, उंच, नाकेली, देवीचे वण आहेत थोडे, पण काय हसते! त्या चेहऱ्यांच्या शेजारी माझ्या गालाची भोकं कोणाला दिसली असती? आणि बालगंधर्वांचं घ्या. ज्यांच्या नेसण्याची, गजऱ्याची नक्कल घरोघरच्या बायका करायच्या, त्या चेहऱ्यावर थापलेला रंग त्या काळच्या बत्त्यांच्या उजेडात दहाव्या रांगेतून बघायचा असायचा. रूप ही दहाव्या रांगेतून बघायची गोष्ट होती. फार तर ओट्यावरून रस्त्यावर. वीतभर अंतरावरून आपला चेहरा बघणारं माणूस म्हणजे आई, नवरा, तान्हं बाळ, आणि यातल्या कोणालाही पोर्स मोजायचे नसतात.

मग फोन आला. फोनचा पुढचा कॅमेरा हातभर अंतरावरून फोटो काढतो आणि जे पुढे असतं ते मोठं दाखवतो. चेहऱ्यात सगळ्यात पुढे काय? नाक. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणितच मांडलं होतं, १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे माझ्या बाबांचं नाक अधिक ३० टक्के! आणि त्यावरची भोकंही त्याच हिशोबात. ते बघून लोक नाकाचं ऑपरेशन करायला येतात, म्हणून तर डॉक्टर गणित मांडायला बसले. दुसऱ्या बाजूला जाहिरातीतले चेहरे, ज्यांना भोकंच नाहीत. ब्रिटनमध्ये २०११ साली तिथल्या जाहिरात नियंत्रकांनी लॉरेआल कंपनीच्या दोन जाहिराती बंद पाडल्या, एकीत ज्युलिया रॉबर्ट्स होती, कारण फोटोत दिसतो तो परिणाम फाउंडेशनचा आहे, कॉम्प्युटरचा नाही, हे कंपनीला दाखवता आलं नाही. ज्युलिया रॉबर्ट्सचा चेहरासुद्धा घासूनपुसून छापावा लागतो म्हणजे झालंच की. एकीकडे फोनने वाढवलेलं नाक, दुसरीकडे पुसलेला गाल, आणि मधे आपण, वॉशरूमच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, जिचा उजेड वरून पडतो आणि प्रत्येक खड्ड्याला सावली देतो.

हे सगळं मी भाचीला सांगत होते कारण तिचा साखरपुडा ठरला होता आणि तिला पंधरा दिवसांत पोर्स घालवायचे होते. "मावशी, लेक्चर नको, काय लावू ते सांग." म्हटलं पंधरा दिवसांत नवीन काहीच लावू नकोस, चेहरा सोलवटला तर तेवढाच एक घोळ व्हायचा बाकी आहे. सनस्क्रीन लाव, स्कार्फ धू, आदल्या दिवशी मुलतानी. त्या दिवशी सिलिकॉनचा प्रायमर फक्त नाक आणि गालाच्या आतल्या भागावर, बोटाने दाबून बसवायचा, घासायचा नाही, तो खड्डे भरतो आणि उजेड पसरवतो, मग पातळ फाउंडेशन आणि पावडरही दाबूनच. तेल आलं की आधी टिपकागद, मग पावडर, नाहीतर तेलावर पावडर बसून थर होतो. टिपकागदाची गड्डी तिच्या भावाच्या खिशात दिली, तो सगळा दिवस दर अर्ध्या तासाने तो "ताई, नाक" म्हणून पुढे यायचा आणि सासरकडच्यांना वाटलं काहीतरी विधीच आहे. आणि फोटोग्राफरला सांगितलं, बाबा रे, तू जरा लांब उभा राहा, झूम कर, आणि हिला खिडकीच्या समोर बसव, डोक्यावरचा फोकस बंद कर.

दिसली सुंदर. तिथे हॉलमध्ये असलेल्या कोणालाही विचारा. पण फोटोग्राफरने अल्बम पाठवताना सवयीने सगळ्यांचे चेहरे गुळगुळीत करून पाठवले, अगदी तिच्या आजेसासूबाईंचासुद्धा, आणि त्या झाडूत भाचीच्या ओठाच्या वरचा तीळ उडाला. होणाऱ्या सासूबाईंनीच फोन केला, अगं हिचा तीळ कुठे गेला, आमच्या पोराने तेवढाच तर पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितला होता. भाचीने फोटोग्राफरला फोटो परत पाठवले, तीळ लावून द्या म्हणून. तो म्हणाला, मॅडम, तीळ आणायचा तर ओरिजिनल फोटो घ्यावे लागतील, मग सगळंच परत येणार. ती दोन दिवस विचार करतेय.